कुठेही खेळवता येणारा खेळाडू: सॅनफ्लमधल्या ‘युटिलिटी’ची कारकीर्द

एका पालकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अ‍ॅडलेडमध्ये वाढलेला १९ वर्षांचा मराठी घरातला मुलगा, उंची १८४ सेंटिमीटर, सॅनफ्लमधल्या (साउथ ऑस्ट्रेलियाची राज्य लीग) एका क्लबच्या रिझर्व्ह संघात ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळतो. सहा सामन्यांत त्याला हाफ बॅक (बचाव), विंग (मधल्या भागाची कड) आणि फॉरवर्ड पॉकेट (समोरच्या गोलजवळचा कोपरा) अशा तीन जागांवर खेळवलं. एकदा तर रकमन (पंचाने हवेत टाकलेल्या चेंडूसाठी उडी मारून झगडणारा उंच खेळाडू) लंगडत बाहेर गेल्यावर दहा मिनिटं रकमध्ये उभं केलं. प्रशिक्षक त्याला ‘युटिलिटी’ म्हणतात. हे कौतुक समजायचं, की गोड बोलून बाजूला ठेवणं? आणि अशा खेळाडूची राज्य पातळीवरची कारकीर्द जाते कशी?

आधी दोन शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे ‘राज्यस्तरीय खेळाडू’ म्हटलं की राज्याच्या संघातून खेळलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. ऑस्ट्रेलियात राज्य पातळी म्हणजे राज्यातल्या क्लबांची लीग: साउथ ऑस्ट्रेलियात एसएएनएफएल (बोलताना ‘सॅनफ्ल’), वेस्टर्न ऑस्ट्रेलियात डब्ल्यूएएफएल (सगळे ‘वॉफल’च म्हणतात), व्हिक्टोरियात व्हीएफएल. त्यांच्या वर राष्ट्रीय व्यावसायिक लीग, एएफएल. राज्याची जर्सी ही वेगळी गोष्ट, तो निवडक खेळाडूंचा आंतरराज्य सामना. १९७७ साली पर्थच्या सुबियाको ओव्हलवर पहिला ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ सामना झाला. खेळाडू सध्या कुठल्या लीगमध्ये आहे हे न पाहता तो मूळचा कुठला हे पाहून संघ निवडले, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने व्हिक्टोरियाला ९४ गुणांनी धुतलं. तुमचा मुलगा आज ज्या पायरीवर आहे तिचा या जर्सीशी अजून संबंध नाही.

दुसरा शब्द ‘अष्टपैलू’. युटिलिटीला मराठीत आपण पटकन अष्टपैलू म्हणतो आणि तिथेच फसतो. क्रिकेटच्या अष्टपैलूच्या धावा आणि बळी दोन्ही धावफलकावर दिसतात. ‘फुटी’तला, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्समधला, युटिलिटी दिसतो तो प्रशिक्षकाच्या खोलीतल्या लोखंडी फळ्यावर. त्या फळ्यावर प्रत्येक खेळाडूच्या नावाचं चुंबक असतं, आणि सामना हातातून निसटायला लागला की प्रशिक्षक ‘मॅग्नेट हलवतो’. ज्याचं चुंबक सगळ्यात जास्त वेळा हलतं तो युटिलिटी. त्यामुळे तो दर आठवड्याला संघात असतो, पण त्याच्या नावावर कुठली जागा नसते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही’ असं का आहे ते यात आलं.

मैदानाची रचना डोक्यात हवी. मैदान लंबगोल, १३५ ते १८५ मीटर लांब आणि ११० ते १५५ मीटर रुंद. एका बाजूचे १८ खेळाडू. पारंपरिक मांडणीत तिघातिघांच्या पाच ओळी: फुल बॅक, हाफ बॅक, सेंटर, हाफ फॉरवर्ड आणि फुल फॉरवर्ड. उरलेले तीन ‘फॉलोअर’ चेंडूमागे फिरतात: रकमन, आणि त्याने ठोकलेला चेंडू उचलणारे रक-रोव्हर व रोव्हर. किक १५ मीटर किंवा त्याहून जास्त लांब गेली आणि चेंडू हवेतच स्वच्छ झेलला तर तो ‘मार्क’, मग झेलणाऱ्याला मोकळी किक. मधल्या दोन खांबांतून किक गेली तर ६ गुण, बाजूच्या खांबांमधून गेली तर १. सगळे सगळीकडे धावतात असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पण प्रत्येक जागेचं काम ठरलेलं असतं.

आता मुद्द्याचं. युटिलिटीची दोन घराणी आहेत आणि ती एकमेकांत सहसा मिसळत नाहीत. पहिलं पळणाऱ्यांचं: हाफ बॅक फ्लँक (‘फ्लँक’ म्हणजे ओळीतली कडेची जागा), विंग, हाफ फॉरवर्ड फ्लँक, आणि अंगात जोर असेल तर मधली धुमश्चक्री. उंची साधारण १७८ ते १८८ सेंटिमीटर. दुसरं उंचांचं: सेंटर हाफ बॅक, सेंटर हाफ फॉरवर्ड आणि दुसरा रक, म्हणजे १९२ च्या पुढचे. तुमचा मुलगा १८४ आहे, म्हणजे पहिल्या घराण्यातला. रकमधली ती दहा मिनिटं अडचणीची सोय होती, त्यातून काहीही निष्कर्ष काढू नका. १९ व्या वर्षी १८४ सेंटिमीटरच्या मुलाने रकचा सराव सुरू केला, तर खांदा आणि गुडघा पणाला लावून तो अशा जागेची तयारी करतोय जी त्याला कधी मिळणार नाही.

उंचांच्या घराण्याचा एक हुकमी डाव तर नियमानेच गेला. पूर्वी दोन्ही रकमन एकमेकांना रेटत असताना तिसरा उंच खेळाडू मागून धावत येऊन चेंडू ठोकायचा. एएफएलने २०१७ पासून हा ‘थर्ड मॅन अप’ बंद केला. सॅनफ्लने २०१६ मध्ये आणखी एक बदल केला: किक किंवा हँडबॉल केलेला (मुठीने मारून दिलेला) चेंडू कुणाला न लागता सीमेबाहेर गेला तर प्रतिस्पर्ध्याला फ्री किक. त्यामुळे सीमेवरचे थ्रो-इन (पंचाने सीमेवरून चेंडू आत फेकणं) घटले आणि रकची भांडणंही घटली. याचा फायदा पळणाऱ्यांना झाला, पण सीमेलगत खेळणाऱ्या विंगरची जबाबदारी वाढली. अडचणीत सापडल्यावर चेंडू सीमेबाहेर ढकलून श्वास घेण्याची जुनी सवय इथे थेट चेंडू गमावून बसते. हा नियम नसलेल्या लीगमधून आलेले विंगर पहिले काही सामने यातच मार खातात.

जागा बदलली की नेमकं काय बिघडतं? पालकांना हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

बचावपटूला चेंडू आणि मैदान दोन्ही समोर दिसतं. फॉरवर्डला चेंडू समोर आणि गोल पाठीमागे. बचावातून पुढे पाठवलेला मुलगा हमखास एक चूक करतो: चेंडू कुठे पडणार ते ओळखून तो त्या जागेखाली जाऊन उभा राहतो. बचावात हे बरोबर, कारण तिथे चेंडू मुठीने उडवून लावला, म्हणजे ‘स्पॉइल’ केला, तरी काम झालं. पुढे मात्र उभा फॉरवर्ड म्हणजे बचावपटूला आयतं गिऱ्हाईक. फॉरवर्डने किक मारणाऱ्याची मान वर होईपर्यंत थांबायचं असतं आणि मगच जोरात सुटायचं, याला ‘लीड’ म्हणतात. लीड एक सेकंद आधी घेतली तर किक मारणारा तयार नसतो, एक सेकंद उशिरा घेतली तर जागा बुजलेली असते. बचावातून आलेला जवळजवळ नेहमी लवकर सुटतो, आणि दोनदा चेंडू मिळाला नाही की सुटणंच बंद करतो.

उलट दिशेला, फॉरवर्डला मागे खेळवलं की त्याची नजर चेंडूवर खिळते आणि त्याचा माणूस पाठीमागून गोलच्या बाजूला सरकतो. हाफ बॅकने आपल्या माणसाच्या आणि गोलच्या मध्ये राहायचं, हात त्याच्या अंगाला जेमतेम लागलेला ठेवायचा म्हणजे न बघता तो कुठे आहे ते कळतं, आणि पोहोचणार नसेल त्या चेंडूला झेलायचा मोह न धरता मूठ मारायची. फॉरवर्ड वाढलेला असतो झेलण्यावर, त्यामुळे अर्ध्या संधीचे चेंडूही तो झेलायला जातो. हातून सुटलेला चेंडू गोलच्या तोंडाशी पडतो आणि समोरचा लहानखुरा फॉरवर्ड तो उचलून सहा गुण घेऊन जातो.

मधल्या फळीतून बचावात आणलेला मुलगा वेगळ्याच कारणाने उघडा पडतो. मिडफिल्डरला चेंडूकडे धावायची सवय असते, तो आपला माणूस सोडून मदतीला जातो. सामन्याच्या चार क्वार्टरपैकी एखाद्यात हे धाडस वाटतं, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच माणसाने तीन गोल मारलेले असतात.

विंगची जागा सोपी वाटते, म्हणून बहुतेक युटिलिटींना तिथे टाकतात. पण विंगर सामन्यात १२ ते १४ किलोमीटर धावतो, आणि त्यातलं महत्त्वाचं धावणं बहुतेक वेळा बिनचेंडूचं असतं: संघाने चेंडू गमावला की मागे बचावाच्या ५० मीटर रेषेपर्यंत (आपल्या गोलपासून ५० मीटरवर आखलेली कमान) परत यायचं. पॉकेटमधून विंगवर आलेला मुलगा पुढे जाताना धावतो आणि परत येताना चालतो. हल्ली सगळ्यांच्या पाठीवर जीपीएसची डबी असते, हे चालणं सोमवारी आकड्यात दिसतं.

त्याच डबीतून दुसरा धोकाही दिसायला हवा. फॉरवर्ड पॉकेटचं काम म्हणजे छोट्या, तुटक, जोरकस धावा. विंगचं काम म्हणजे लांब पल्ल्याचं पुन्हापुन्हा वेगात धावणं. चार आठवडे पॉकेटमध्ये खेळून पाचव्या आठवड्यात अचानक विंगवर पूर्ण सामना खेळला की मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, फाटतो. यात नशीब वगैरे काही नाही. स्नायूला त्या वेगाची सवयच राहिलेली नसते. उपाय सोपा आहे आणि तो खेळाडूने स्वतः करायचा असतो: कुठल्याही जागेवर खेळत असाल तरी आठवड्यात एका सरावाअंती ८० ते १०० मीटरच्या सहा ते आठ धावा जवळजवळ पूर्ण वेगाने, मध्ये चालत परत येऊन. दोन आठवडे चुकले तर तिसऱ्या आठवड्यात तीन धावांपासून परत सुरुवात.

जुन्या काळी ही गणितं वेगळी होती, आणि युटिलिटीचा मान जास्त होता. व्हीएफएलमध्ये (तेव्हा ही व्हिक्टोरियाची सर्वोच्च लीग होती, पुढे तिचीच एएफएल झाली) इंटरचेंज, म्हणजे खेळाडू बाहेर काढून परत आत पाठवायची सोय, आली १९७८ मध्ये. त्याआधी एकोणिसावा आणि विसावा माणूस असे दोनच राखीव, आणि एकदा बाहेर आलेला परत आत जाऊ शकत नसे. मग दम घ्यायचा कुठे? मैदानावरच. दमलेला रकमन बॅक पॉकेटमध्ये जाऊन ‘विश्रांती’ घ्यायचा, रोव्हर फॉरवर्ड पॉकेटमध्ये. म्हणजे प्रत्येक चांगल्या फॉलोअरला दुसरी एक जागा यावीच लागे. आज एएफएलमध्ये सामन्याला ७५ अदलाबदली चालतात, दमलेला थेट बाकावर जातो. दोन जागा येण्याची सक्ती गेली आणि युटिलिटी ही वेगळी जात झाली.

त्या जुन्या जगातला सर्वांत वरचा नमुना बॅरी रॉब्रन. व्हायअलातून आलेला हा खेळाडू १९६७ ते १९८० नॉर्थ अ‍ॅडलेडकडून २०१ सामने खेळला. १९६८, १९७० आणि १९७३ असं तीनदा सॅनफ्लचं सर्वोच्च मॅगारे पदक. १९७१ आणि १९७२ ची विजेतेपदं. १९७२ मध्ये अ‍ॅडलेड ओव्हलवर नॉर्थ अ‍ॅडलेडने व्हीएफएल विजेत्या कार्लटनला एका गुणाने हरवलं तो ‘चॅम्पियनशिप ऑफ ऑस्ट्रेलिया’चा सामना साउथ ऑस्ट्रेलियात आजही घरोघर सांगतात. रॉब्रन उन्हाळ्यात साउथ ऑस्ट्रेलियाकडून प्रथम श्रेणी क्रिकेटही खेळले. व्हीएफएलमध्ये एकही सामना न खेळता २००१ मध्ये ते ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये ‘लेजंड’ झाले. व्हीएफएलसाठी मेलबर्नला गेल्याशिवाय मोठेपण नाही म्हणणाऱ्यांना अ‍ॅडलेडकर हे एकच नाव ऐकवतात.

पण रॉब्रन यांच्याकडून शिकायचं ते वेगळं. ते कुठेही खेळू शकत, पण त्यांना घर होतं: सेंटर. तिथून ते पुढे सेंटर हाफ फॉरवर्डला जात, चेंडूमागे रक-रोव्हर म्हणून जात, आणि परत येत. घर पक्कं असल्यामुळे बाहेरचा प्रत्येक प्रयोग त्यांच्या खात्यात जमा झाला. ज्याला घरच नाही त्याचे प्रयोग प्रशिक्षकाच्या खात्यात जातात. आणि मोडतं कसं तेही त्यांच्या कारकिर्दीत आहे. १९७४ मध्ये सिडनी क्रिकेट मैदानावर व्हिक्टोरियाविरुद्धच्या राज्याच्या सामन्यात गुडघा गेला. आज अशी दुखापत दुर्बिणीतून अस्थिबंध नव्याने बांधून नऊ ते बारा महिन्यांत मार्गी लावतात. तेव्हा ती सोय सर्रास नव्हती. ते परत आले, खेळले, पण तो पूर्वीचा रॉब्रन नव्हता. उडी मारून एका पायावर उतरणं आणि उतरताच वळणं, गुडघ्याचा घात याच क्षणी होतो, आणि अनेक जागा खेळणाऱ्याला ते अनेक कोनांतून करावं लागतं. तुमच्या मुलाच्या व्यायामात दोन्ही पायांवर स्वतंत्रपणे उडी मारून दोन सेकंद स्थिर उतरण्याचा सराव नसेल तर तो आजच घाला.

आता आजच्या व्यवहाराकडे. राज्य लीगमधल्या काही संघांचा एएफएल क्लबशी करार असतो, काही तर एएफएल क्लबचेच राखीव संघ आहेत. सॅनफ्लमध्ये अ‍ॅडलेड आणि पोर्ट अ‍ॅडलेड, वॉफलमध्ये वेस्ट कोस्टचा स्वतःचा संघ आणि फ्रीमँटलशी जोडलेला पील थंडर. अशा संघात एएफएलच्या यादीतले जे खेळाडू वरच्या संघात निवडले गेले नाहीत ते खाली खेळतात. गुरुवारी रात्री वरचा संघ जाहीर होतो, आणि किती जण खाली येणार ते तेव्हा कळतं. पण वरच्या संघासोबत ‘इमर्जन्सी’, म्हणजे ऐनवेळचे राखीव, म्हणून गेलेले शेवटच्या क्षणापर्यंत मोकळे नसतात. मग खालच्या प्रशिक्षकाला शुक्रवारी अचानक दोन बॅक आणि एक विंगर कमी पडतो. इथे युटिलिटीची चांदी. पण पुढच्या आठवड्यात वरून चार बचावपटू आले की पहिला बाहेर बसतो तोही हाच. स्वतंत्र क्लबात, म्हणजे नॉरवूड, स्टर्ट, ग्लेनेल्ग, नॉर्थ अ‍ॅडलेड अशांत, हा चढउतार नसतो. जागा पक्की करायची असेल तर १९ ते २२ या वयात स्वतंत्र क्लब बरा, हे माझं स्पष्ट मत.

पैशाचं गणित याच्याशीच जोडलेलं आहे. राज्य लीगचे खेळाडू अर्धवेळ असतात. दिवसा सुतारकाम, शिक्षकी, कॉलेज, आणि आठवड्यात साधारण तीन संध्याकाळी सराव. करारात सामन्यागणिक मिळणारी रक्कम लीगच्या, म्हणजे क्लबच्या पहिल्या संघाच्या, सामन्याला जास्त, रिझर्व्हला कमी. त्यामुळे दर आठवड्याला निवडला जाणारा सामान्य युटिलिटी कधीकधी आत-बाहेर होणाऱ्या गुणवान फॉरवर्डपेक्षा जास्त कमावतो. करार करताना तीन गोष्टी लेखी घ्या: दुखापतीच्या काळात काय मिळणार, नोकरीची बुडालेली मजुरी विम्यात आहे का, आणि हंगामाच्या मध्यात क्लब बदलायची मुभा आहे का.

२६–२८ च्या आसपास बहुतेकांना गावाकडच्या लीगमधून बोलावणं येतं. तिथे पैसे कधीकधी राज्य लीगपेक्षा बरे, प्रवास कमी. मात्र अनेक ठिकाणी खेळाडूंच्या गुणांची मर्यादा असते: वरच्या लीगमधून आलेल्याचे गुण जास्त मोजतात, आणि संघाच्या एकूण गुणांना कमाल मर्यादा असते. मग क्लब एकच महागडा माणूस घेऊ शकतो, आणि तो मागे, मध्ये, पुढे सगळीकडे चालणारा हवा असतो. सोबत प्रशिक्षकपदही देतात. राज्य लीगमध्ये ज्या गुणाने जागा पक्की होऊ दिली नाही, तोच गुण इथे सर्वांत जास्त किमतीला विकला जातो.

एएफएलचं दार १९ ला बंद होत नाही. २०१९ मध्ये हंगामाच्या मध्यात होणारा ड्राफ्ट (एएफएल क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत) परत सुरू झाला आणि रिचमंडने साउथ फ्रीमँटलच्या मार्लियन पिकेटला उचललं, तेही बोट मोडलेलं असताना. सप्टेंबरमध्ये तो रिचमंडच्या व्हीएफएल संघाकडून अंतिम सामना जिंकला आणि त्यात सर्वोत्तम ठरला. पुढच्याच आठवड्यात, २७ व्या वर्षी, एएफएलचा पहिलाच सामना तो ग्रँड फायनलमध्ये खेळला आणि रिचमंडने ग्रेटर वेस्टर्न सिडनीला ८९ गुणांनी हरवलं. मिडफिल्डमध्ये खेळू शकणारा, विंग सांभाळणारा, गरज पडली तर मागे जाणारा असा तो खेळाडू. पण तो निवडला गेला कारण रिचमंडला तो कुठल्या जागेसाठी हवा ते त्यांना ठाऊक होतं. मध्य-हंगामाच्या ड्राफ्टमध्ये क्लब दुखापतीने पडलेलं एक ठरावीक भोक बुजवत असतात. ‘कुठेही खेळतो’ असं लिहिलेला कागद तिथे मागे पडतो.

म्हणून चित्रफीत तशी बनवा. सगळ्या सामन्यांची खिचडी नको. घरच्या जागेचे १५–२० प्रसंग आधी, सलग. त्यानंतर शेजारच्या एका जागेचे ५–६. एकूण चार मिनिटांत संपवा. रकमधली ती दहा मिनिटं त्यात अजिबात नकोत.

सराव कसा? १८४ सेंटिमीटर, पळणारा, तीन जागा खेळलेला, म्हणून मी हाफ बॅक हे घर धरीन आणि विंग हा शेजार. मंगळवार आणि गुरुवारच्या सरावानंतर २० मिनिटं राखून ठेवा. मंगळवारी जोडीदाराबरोबर १५ स्पॉइल, त्यातले पाच पाठीमागून धावत येऊन. मग बचावातून बाहेर काढायच्या २० किक, दहा उजव्या आणि दहा डाव्या पायाने, ३५–४० मीटरवर उभ्या माणसाच्या छातीवर. गुरुवारी वर सांगितलेल्या लांब धावा, शेवटच्या दोन चेंडू घेऊन, दर १५ मीटरला चेंडू जमिनीवर आपटत. दुसरा पाय कच्चा असलेला हाफ बॅक सॅनफ्लमध्ये तीन सामन्यांत ओळखला जातो, मग समोरचा संघ त्याला त्याच बाजूला ढकलत राहतो. याच एका दोषामुळे बरेच चांगले पळणारे रिझर्व्हमध्येच अडकतात.

आणि प्रशिक्षकांशी बोलायचं मुलाने, तुम्ही नव्हे. संघनिवडीच्या दिवशी नको; सोमवारी चित्रफीत बघताना. विचारायचं एवढंच: “लीगच्या संघात आज एक जागा रिकामी झाली, तर तुम्ही मला कुठल्या जागेसाठी घ्याल?” उत्तरात एका जागेचं नाव आलं तर उरलेला हंगाम त्याच जागेवर सलग किमान चार सामने मागायचे. उत्तर ‘गरज असेल तिथे’ असं आलं, तर ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या क्लबांशी बोलायला सुरुवात करायला हरकत नाही.